मागच्या दाराला लावलेला कडुनिंब

गेले चार दिवस वैभवीने ताटाचा फोटो पाठवलेला नाही. ती परदेशी गेली त्याला एक वर्ष सात महिने झाले, आणि तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाचा फोटो येतो. भात, डब्यातली मासळी, कधी नुसतं उकडलेलं कंदमूळ आणि त्यावर इथून नेलेलं तिखट. मी म्हणते, पोळी नाही केलीस? ती म्हणते, आई, पोळी करायला पूर्ण माणूस लागतो, कामावरून आल्यावर मी अर्धीच उरते. एवढंच बोलणं. पण ते झालं की मला झोप येते.

चार दिवस फोटो नाही. "जेवलीस का?" असं लिहिलं तर "हो" येतं. "बरी आहेस ना?" तर "हो". माझ्या नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "एकोणतीस वर्षांची पोरगी आहे. जेवली असंल."

जेवली असेल. माझी काळजी जेवणाची नाहीच. ती काय गिळून बसली आहे ते मला माहीत आहे, कारण ते गिळायला मीच सांगितलं होतं.

वैभवी प्रशांत महासागरातल्या एका छोट्या देशात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. देशाचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी आहे. तसंही इथे छत्तीसगढात, आमच्या रिसालीत, कुणाला ते नाव सांगितलं की विचारतात, म्हणजे दुबईच्या पुढे का? पुढेच आहे, बरंच पुढे. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे चालतं. इथे आत्ता पाऊण वाजला आहे, तिथे सव्वासात. गुरुवारची सकाळ आहे. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तिथून एक विमान शेजारच्या मोठ्या देशात जातं. लॅबचे नमुने जायचे असले तर त्या विमानाने जातात, आणि त्यांची पेटी दहा वाजता बंद होते. ती पेटी बंद करायचं काम वैभवीचं आहे.

हे सगळं मी का लिहिते आहे ते मला नीट सांगता येणार नाही. बोलायला गेले तर मी मध्येच वळण घेईन, हे मी स्वतःला ओळखते. लिहिताना वळलं तर मागे जाऊन खोडता येतं.

वैभवीच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खड्डा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. सहाव्या वर्षी कांजिण्या आल्या तेव्हाचा. लहानपणी कुणी विचारलं की ती सांगायची, "इथे देवी बसून गेली." लोक हसायचे. ती हसायची नाही. जे झालं ते झालं तसं सांगायचं, अशी तिची सवय. शाळेत एकदा बाईंनी विचारलं, गृहपाठ का नाही केला, तर सगळ्यांनी पोट दुखत होतं सांगितलं आणि ही म्हणाली, मला कंटाळा आला होता. उभं हिलाच केलं. घरी येऊन मलाच विचारते, "आई, खोटं बोलल्यावर बसायला मिळते का?"

आम्ही मूळचे वर्धेकडचे. लग्न झाल्यावर इथे आलो ते कारखान्यात कायमची नोकरी लागेल म्हणून. ती लागली नाही. हे रसमड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायला लागले आणि वीस वर्षं तिथेच राहिले. ठेकेदार आमच्याच गावाकडचे, बाबाराव. कायम नोकरीवाल्या माणसाला आणि ठेक्यावरच्या माणसाला एकाच गेटातून जावं लागतं, पण ठेक्यावरच्याच्या गळ्यात जो पास असतो त्याला तारीख असते. ती तारीख जवळ आली की ह्यांचा आवाज घरात बारीक व्हायचा. वैभवीला लहानपणापासून हे माहीत होतं. पासाची तारीख वाढून आली की ती म्हणायची, "बाबा आता मोठ्याने बोलतील."

तिने सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, मग लॅबचा डिप्लोमा, आणि दुर्गच्या एका खासगी लॅबमध्ये लागली. तिथे तिसऱ्या वर्षी ते कावीळ प्रकरण झालं. ह्यांच्याच कारखान्याच्या मजूर वस्तीतून एका आठवड्यात अठरा नमुने आले. वैभवीने रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, तुमच्या टाकीत गटाराचं पाणी जाऊन राहिलं असंल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबाराव घरी आले. पेढ्यांचा डबा होता हातात. मी चहा ठेवला.

"वैभवीबाई," ते म्हणाले, "तुमच्या कागदावर कावीळ लिहिता ते थोडं थांबवा. पोट बिघडलं लिहा. माल घेणाऱ्या पार्टीचे लोक येऊन राहिले पाहणीले. वस्तीत बीमारी म्हटलं की ते गेटावरूनच वापस जातीन."

"काका, पोट बिघडलं लिहिलं तर टाकी साफ होईल का?"

"टाकी मी करतो न साफ. माझ्या जबानीवर. फक्त लिहू नका."

"मग आधी टाकी साफ करा, मी लिहिते की साफ झाली."

बाबाराव माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ही कोणावर गेली?" मी चहा गाळत होते.

तिने जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला यादी कळवली. दोन दिवसांत माणसं आली, टाकी उपसली, वस्तीत टँकरने पाणी दिलं. पाहणीवाली पार्टी आली नाही. कुठल्या दुसऱ्या कारखान्याकडे गेली. पुढच्या महिन्यात ह्यांच्या पासाची तारीख वाढली नाही. हे घरी आले, डबा आणि पाण्याची बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "चला. तुझं सकाळी पाचचं उठणं वाचलं." बस, एवढंच. वैभवीला एक शब्द नाही. पुढे एका हार्डवेअरच्या दुकानात त्यांना काम मिळालं, पण वर्षभर त्यांनी रसमड्याच्या रस्त्याला स्कूटर घातली नाही. वैभवी ते बघत होती. परदेशातल्या नोकरीचा अर्ज तिने त्याच वर्षी केला.

तिथे गेल्यावर पहिले काही महिने ती खूष होती. समुद्र, स्वच्छ लॅब, "सुप्रभात" म्हटल्यासारखं प्रत्येकाशी थांबून बोलणारी माणसं. मग हळूहळू तिला तो देश दिसायला लागला. बंदर एका मोठ्या देशाने कर्ज देऊन बांधलेलं. दवाखान्याची इमारत दुसऱ्या मोठ्या देशाची भेट, दारावर तशी पाटी. लॅबमधलं मशीन तिसऱ्याचं, बिघडलं तर त्यांचाच माणूस येतो. तांदूळ, कोंबडी, औषध, सगळं जहाजाने. वर्षातले सात महिने पर्यटकांची मोठी जहाजं लागतात, त्यावर बाजार चालतो. आणि तिथली तरणी माणसं दर हंगामात शेजारच्या मोठ्या देशात फळं तोडायला जातात. एका फोनवर वैभवी म्हणाली, "आई, सुन ना, हा अख्खा देश ठेक्यावर आहे. गळ्यात पास आहे, त्यावर तारीख आहे."

मी अमरावतीला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं आहे. परकीय मदतीचे फायदे आणि तोटे, असा प्रश्न यायचा. मी फायदे सहा आणि तोटे चार लिहायची. तारखेचं त्यात कुठेच नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या एका लांबच्या बेटावरून अंगावर पुरळ आलेली, तापाने फणफणलेली मुलं यायला लागली. वैभवीने रक्त तपासलं. गोवर. पण तिच्या लॅबचा निकाल पक्का धरत नाहीत. नमुने मोठ्या देशातल्या मोठ्या लॅबमध्ये जायचे, तिथून शिक्का आला की मग गोवराची साथ असं जाहीर होतं. जाहीर झालं की बाहेरून लस येते, डॉक्टर येतात. तोपर्यंत कागदावर लिहायचं, ताप आणि पुरळ.

तिच्या वरच्या मॅडमनी सांगितलं, नमुने फ्रिजमध्ये ठेव. महिन्याभरात बंदराच्या कर्जाच्या दुसऱ्या भागावर सह्या आहेत आणि त्याच आठवड्यात मोसमातलं पहिलं जहाज येतं आहे. सह्या होऊ दे, जहाज येऊन जाऊ दे, मग पाठव.

मला वाटलं होतं मॅडम वाईट असतील. वैभवी म्हणाली, "नाही गं आई. वाईट असत्या तर सोपं झालं असतं." मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका तापाची साथ आली तेव्हा त्यांनी स्वतः पहिल्याच आठवड्यात सगळ्या जगाला कळवलं. जहाजं बंद झाली, पाच महिने. फळं तोडायला गेलेली मुलं हंगाम अर्धा टाकून परत पाठवली गेली. ज्यांनी परत पाठवलं त्यांच्याकडून शाबासकीचं पत्र आलं. नंतर कळलं की तोच ताप त्या मोठ्या देशातही होता, यांच्या आधीपासून. त्यांचं एक विमान कुणी थांबवलं नाही. मॅडमच्या धाकट्या भावाचं दुकान त्या पाच महिन्यांत बुडालं. "मी खरं बोलले त्याची किंमत माझ्या शेजाऱ्यांनी दिली," असं त्या वैभवीला म्हणाल्या. "तू सांग, या वेळी कुणाकडून घेऊ?"

हे सगळं वैभवीने अकरा दिवसांपूर्वी फोनवर सांगितलं आणि विचारलं, "आई, मी काय करू?"

असं ती कधी विचारत नाही. कावीळ प्रकरणात विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तेव्हा नाही विचारलंस, आता कावून?"

"तेव्हा एकट्या बाबांचं गेलं. इथे सगळ्यांचे बाबा आहेत. आणि मी तर तिकीट काढून घरी येऊ शकते, ते कुठे जातील?"

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. डोळ्यापुढे एकच आलं, ओट्यावर ठेवलेला तो डबा आणि बाटली. मी म्हटलं, "तू परकी आहेस तिथे. त्यांचा देश, त्यांची माणसं, त्यांना जास्त कळतं. मॅडम म्हणतात तर थांब."

"तू थांब म्हणतेस?"

"हो, थांब."

त्या गुरुवारी पेटी गेली. त्यात हे नमुने नव्हते.

चार दिवसांपूर्वी, रविवारी, तिचा पुन्हा फोन आला. आवाज असा की पायऱ्या चढून आली असावी. बेटावरचे आजारी आता मुख्य शहरात आले होते. दोन तान्ही मुलं ऑक्सिजनवर होती, त्यातली एक लॅब झाडायला येणाऱ्या बाईंची भाची. त्या बाई वैभवीला म्हणाल्या की गेल्या आठवड्यात बहीण बाळाला घेऊन बाजारात, चर्चमध्ये, सगळीकडे गेली होती, साथ आहे असं कुणी सांगितलंच नाही.

मी म्हटलं, "अरे देवा."

 मग म्हणाली, "आई, मला कांजिण्या आल्या तेव्हा तू पाला मागच्या दाराला लावला होतास ना? समोरच्या नाही."

मी म्हटलं, "आठवत नाही गं. किती जुनं."

"मला खिडकीत येऊ देत नव्हतीस."

"आजारी पोराला कोण खिडकीत बसवते?"

"ठीक," ती म्हणाली. "झोप तू." तेव्हापासून ताटाचा फोटो नाही.

मला सगळं आठवतं.

छत्तीसगढ राज्य वेगळं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा मार्च. आम्ही तेव्हा इथेच रिसालीत, पण ओळीने सहा खोल्या असलेल्या भाड्याच्या घरात राहायचो. भट्टी बंद होती म्हणून ह्यांना तीन महिने काम नव्हतं. घर माझ्या डब्यांवर चालत होतं. जवळच एका घरात कंपनीत शिकायला आलेली मुलं राहायची, त्यांचे चौदा डबे मी करायची. दोन भाज्या, वरण, भात, पोळ्या. शेजारच्या खोलीत कलावती साहू राहायची. छत्तीसगढीच, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मला दीदी म्हणायची. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, चौथा महिना सुरू होता आणि तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.

आमच्याकडे आणि त्यांच्याकडेही एक रीत आहे. घरात माता आली, म्हणजे कांजिण्या किंवा गोवर निघाला, की समोरच्या दाराला कडुनिंबाची डहाळी लावायची. डहाळी दिसली की बाहेरचं कुणी आत येत नाही. पोटुशी बाई तर त्या बाजूने जातसुद्धा नाही. आणि घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही. मातेला त्याचा त्रास होतो म्हणतात. थंड, बिनफोडणीचं खायचं, पाच-सात दिवस. शेजारी मग उंबऱ्याबाहेर पाणी भरून ठेवतात, भाजी ठेवून जातात. कलावतीनेच आदल्या वर्षी टोकाच्या खोलीतल्या बाईसाठी आठ दिवस पाणी भरलं होतं.

वैभवीच्या पोटावर पहिला फोड दिसला त्या संध्याकाळी हे डहाळी घेऊन आले. दारात उभं राहून मला म्हणाले, "लावू?"

मी विचार केला, चौदा डब्यांचा. ती मुलं शिकलेली, पण भीती सगळ्यांना सारखीच. माता आलेल्या घरचा डबा कोण खाईल? एकदा दुसरीकडे लावला की परत येतो का? शेजारी पाणी भरतील, भाजी ठेवतील, पण चौदा डबे कुणी उंबऱ्यावर आणून ठेवणार नव्हतं. मी म्हटलं, "मागच्या दाराला लावा."

देवीची रीतही पाळली आणि डबेही राहिले, असं मी मनाशी म्हटलं. मागच्या दारी फक्त मोरी आणि भिंत होती.

आणि डब्याला फोडणी तर लागणारच. वरणाला फोडणी नसली तर मुलांना लगेच कळलं असतं, त्यातले दोन तर आपल्याच भागातले होते. मी मातेपुढे हात जोडले आणि रोज सकाळी मोहरी तडतडवली. तिसऱ्या दिवशी साडेनऊला समोरच्या दारातून कलावती आत आली, हातात वाटी घेऊन. मी ओट्याशी होते. वैभवी आतल्या खोलीत, पडद्यापलीकडे.

"दीदी, क्या बघार लगाए हो," ती म्हणाली, "चार दिन में पहली बार खाने का मन हुआ. थोड़ी दाल दे दो."

तिला फोडणीचा वास आला होता. दारावर डहाळी नव्हती, घरात फोडणी होती, म्हणजे घर बरं होतं. आमच्या त्या ओळीत कुणीही तेच समजलं असतं. मी तिला उंबऱ्यावर थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पण डबेवाला सायकल घेऊन दारात उभा होता, आणि मी वाटी घेऊन वरण वाढलं. ती तिथेच पाटावर बसून जेवली. वैभवीने आतून हाक मारली, कलावती म्हणाली, आज शाळा नाही का? आणि उठून पडदा सारून आत गेली. सर्दी आहे, मी म्हटलं. अंधार होता खोलीत. ती पलंगावर बसली, वैभवीच्या केसांतून हात फिरवला, चादर गळ्यापर्यंत ओढून दिली. दहा मिनिटं असेल. फार तर पंधरा.

दोन आठवड्यांनी कलावतीच्या दाराला डहाळी लागली. समोरच्या.

हर्षल झाला तो एका डोळ्याने. दुसरा डोळा आहे, पण लहान, आणि त्यात उजेड नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, पोटात असताना कांजिण्या झाल्या होत्या का, कुणाच्या घरी गेला होतात का? कलावतीने सांगितलं, नाही, आमच्या ओळीत कुणाकडेच माता आली नव्हती. मी तिच्या बाजूला बसले होते. मीच तिला रिक्षातून घेऊन गेले होते.

तिची सासू म्हणाली, मातेच्या सेवेत चूक झाली. कलावतीने ते धरून ठेवलं. तेव्हापासून दर नवरात्राला, चैत्राच्या आणि आश्विनाच्या, ती मंदिरात हर्षलच्या नावाने जोत लावते आणि अनवाणी जाते. आता ते पद्मनाभपूरला राहतात. हर्षल तेवीस वर्षांचा आहे, मोबाइल दुरुस्त करतो, बारीक काम एका डोळ्याने फार छान करतो, आणि येता-जाता माझी थट्टा करतो, "मावशी, तुमच्या वैभवीताईच्या देशात एक डोळेवाल्याला आधं तिकीट लागते काय, पूछके बताओ." मी हसते. जोत लावायला मी कलावतीबरोबर किती वेळा गेले आहे. अनवाणी.

कुणाला सांगितलं नाही. ह्यांना माहीत आहे, आम्ही त्यावर कधी बोललो नाही. वैभवीला माहीत नाही असं मी धरून चालले होते. पण ती सहा वर्षांची होती, ताप होता, आंधळी नव्हती. पुढे हेच शिकली. कुठल्या आठवड्यात काय झालं तर पोटातल्या बाळाच्या डोळ्याला काय होतं, हे तिला पुस्तकात वाचायला मिळालं असणार. तिने हिशेब लावला नसेल असं मला इतकी वर्षं का वाटलं? ती हर्षलला दर राखीला घड्याळ, बूट असं काही ना काही पाठवते. मी समजत होते तिला तो आवडतो.

आणि मी तिला सांगितलं, थांब.

मला तिच्या मॅडमना वाईट म्हणता येत नाही. त्या बाईने डहाळी एकदा समोर लावून बघितली आहे, आणि तिच्या उंबऱ्यावर कुणी काही आणून ठेवलं नाही. उलट पाणी तोडलं. मी तर एकदाही लावली नव्हती. चौदा डब्यांसाठी मी जे केलं ते ती एका देशासाठी करते आहे, माझ्याहून जास्त कारण आहे तिच्याकडे. पण पुरळ आणि ताप असा कागद बाहेर गेला की तोही फोडणीचा वास आहे. त्या वासाने कोणतरी वाटी घेऊन आत येणार. येऊन राहिलं आहे. बाळं घेऊन बाजारात, चर्चमध्ये. जहाजातून उतरून.

मघाशी हे उठून आले. दिवा चालू बघून म्हणाले, "कावून झोपली नाहीस? दोन वाजत आले."

"वैभवीले फोन करीन म्हणते."

"आता?"

"तिथे सव्वाआठ झाले. दहाला पेटी बंद होते."

त्यांनी खुर्ची ओढली. "पाठव म्हणतेस?"

"नाही. पाठव मी कोणत्या तोंडाने म्हणू? थांब म्हटलं होतं ते परत घेते. आणि मला आठवते म्हणून सांगते. मागच्या दाराचं."

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "डहाळी मी तोडून आणली होती. तेही सांग."

"सांगते."

"मग कलावतीलेही सांगावं लागंल."

"तिला फोनवर नाही. सकाळी पद्मनाभपूरला जाते."

"मी सोडतो स्कूटरवर." आणि म्हणाले, "आत येतो मी. बाहेर नाही थांबत."

कलावती काय म्हणेल, मला माहीत नाही. वैभवी काय करेल, तेही नाही. नमुने पाठवले तर तिची नोकरी जाईल. पेटीवर सही तिची असेल आणि मॅडम तिला पाठीशी घालू शकणार नाहीत. तिच्या त्या देशाची जहाजं थांबतील, झाडणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला फळं तोडायला जाता येणार नाही, आणि ते सगळे माझ्या पोरीच्या नावाने बोटं मोडतील. तिला हे माझ्याहून जास्त कळतं. पण तिने प्रश्न विचारला होता, आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. निदान ठरवताना तिच्याकडे खरं असू दे.

दोनला दहा कमी आहेत. ह्यांनी चार्जरवरून फोन काढून माझ्यासमोर ठेवला आहे. ती आत्ता लॅबचं कुलूप उघडत असेल. मी लावते.